ननीबालाची ढेकी

तिमिरवरण रक्षित यांचा आवाज लाखो लोकांनी ऐकला होता, पण त्यांची थुंकी ऐकणारी जगात एकटी कंकणाच होती.

कोलकात्यातल्या बेहालाच्या एका गल्लीत, होमिओपॅथीच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर ‘पोडोभिटे’, म्हणजे ओसाड घर, या चॅनेलचा स्टुडिओ होता. दर शनिवारी संध्याकाळी तिथून एक भुताची गोष्ट बाहेर पडायची आणि अर्धा बंगाल ती कानाला लावून ऐकायचा. गोष्ट सांगायचे तिमिरदा. ऐकणारे म्हणायचे, काय आवाज आहे, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. तो विहिरीतून नव्हे, बेगुनीच्या घासाआडून येतो, हे फक्त कंकणाला माहीत होतं. माइकसमोर बसल्यावरही या माणसाला तोंडात काहीतरी लागायचं. बेगुनी म्हणजे वांग्याची भजी, मुडी म्हणजे कुरमुरे, पान, काहीच नसलं तर वेलदोडा. मग कंकणा पुरकाइत कानाला हेडफोन लावून दिवसभर ते सगळं उपसत बसायची. वाक्याआधीची ओठांची चुटचुट, टाळूला चिकटून सुटणारी जीभ, दोन शब्दांच्या मध्ये गिळलेला आवंढा. हे सगळं साफ केलं की मागे उरायचा तो विहिरीच्या तळातला आवाज.

हे करून करून तिची अशी गत झाली होती, की समोर कोणी जेवायला बसलं की ती तिथून उठायची. घरी ती आपलं ताट उचलून गच्चीवर जायची. आई म्हणायची, "माणसांची एवढी घाण कधीपासून वाटायला लागली गं तुला?" सगळ्या माणसांची वाटत नव्हती. एकाच माणसाची वाटायची, पण तो माणूस कानात शिरून बसला होता.

तिचं दुसरं काम आवाज शोधायचं. भुताच्या गोष्टीला नुसतं बोलणं पुरत नाही. दार करकरावं लागतं, कोल्हे ओरडावे लागतात, तळ्यात कोणीतरी डुबकन बुडावं लागतं. हे सगळं विकत घ्यायला तिमिरदांचा हात खिशात जाईना, म्हणून कंकणाने फुकट आवाजांची एक परदेशी साइट धरली होती. जगभरचे हौशी लोक तिथे आपापले आवाज आणून ठेवतात. कुणाच्या अंगणातला पाऊस, कुणाच्या आजोबांचं घड्याळ, कुणाच्या गावची जत्रा. आणि प्रत्येक आवाजाखाली त्याचा मालक स्वच्छ लिहून ठेवतो. एक म्हणतो, घ्या, वाटेल ते करा, माझा संबंध नाही. दुसरा म्हणतो, घ्या, पैसेही कमवा, फक्त माझं नाव घ्या. तिसरा म्हणतो, घ्या, पण पैसे कमवायचे नसतील तरच. एवढंच. वाचायला लागतो तेवढ्या वेळात चहासुद्धा निवत नाही. पण तिमिरदांच्या लेखी फुकट म्हणजे बेवारस.

"अगं, रानात कोल्हा ओरडला. तो काय कुणाच्या बापाचा नोकर होता?"

"कोल्हा नव्हता, तिमिरदा. पण थंडीत कुडकुडत बसून तो ऐकणारा एक माणूस होता. तो म्हणतो, पैसे कमवणार असाल तर घेऊ नका. आपल्या गोष्टीत घटकेघटकेला केसांच्या तेलाची जाहिरात येते."

"मग दोन सूर खाली घे. वरून पाऊस ओत. माणूसच काय, कोल्हासुद्धा ओळखणार नाही स्वतःला."

पाऊस ओतणं हा तिमिरदांचा सगळ्यावरचा उपाय होता. चोरलेल्या प्रत्येक आवाजावर ते पाऊस ओतायला सांगायचे. म्हणून तर ‘पोडोभिटे’च्या गोष्टींत वैशाखातसुद्धा धो धो पाऊस पडायचा आणि भोळे लोक म्हणायचे, वा, काय वातावरण आहे! कंकणा गुपचूप दुसरा कोल्हा शोधायची, ज्याच्या मालकाची हरकत नसेल असा. नाव घ्यायची अट असेल तर गोष्टीखाली ते नाव लिहायची. दुसऱ्या दिवशी बघावं तर नाव गायब आणि तिथे तेलाच्या बाटलीची लिंक. तिने पुन्हा लिहावं, त्यांनी पुन्हा पुसावं. हळूहळू तीही मूग गिळून बसायला शिकली. पगार वेळेवर मिळत होता आणि आईचं औषध खालच्याच दवाखान्यातून येत होतं.

मग ढेकी आली.

गोष्ट होती सासरी मेलेल्या सुनेची. मेल्यावरही ती पौषात पिठे नावाच्या गोड पक्वान्नांसाठी तांदूळ कांडायला येते. "ढेकी पाहिजे," तिमिरदा म्हणाले. "अस्सल. सुताराकडून लाकडं आपटून आणू नकोस." आता बेहालात ढेकी कुठे मिळणार? पायाने दाबायचं ते लांबलचक लाकूड, दाबलं की पुढचं मुसळ वर उठतं, पाय सोडला की धप्पकन तांदळात. कंकणाने ती लहानपणी मामाच्या गावी पाहिली होती. तिने साइट पालथी घातली आणि एका संध्याकाळी तिला ती सापडली. ठेवणाऱ्याचं नाव निकुंजबिहारी पात्र, जिल्हा बांकुडा. खाली मास्तरी वळणाच्या शुद्ध बंगालीत लिहिलं होतं: ‘कोणीही न्यावी. विकावी, वाजवावी, मोडतोड करावी. अट एकच. ढेकी: ननीबाला पात्र, एवढे लिहावे.’

आवाज लावला आणि ती खुर्चीत सरळ बसली. मुसळ पडायचं ते छातीत पडायचं. मागचं लाकूड कण्हायचं, मध्येच तांदूळ सरसरायचे. सुरुवातीला घसा खाकरून एक पुरुष काहीतरी सांगत होता आणि शेवटी, ढेकी थांबल्यावर, एक बाई धापा टाकत दोन वाक्यं बोलत होती. ती ऐकून कंकणाला हसू आलं होतं. मग तिने ती कापली. या धंद्यात हाती आलेल्या आवाजाचं आधी डोकं आणि शेपूट छाटायचं असतं. माणसं तिथेच असतात, आणि माणसांचा काही उपयोग नसतो.

छाटून उरलेले ढेकीचे तीन ठोके असे काही गाजले, की तिमिरदांनी पुढे प्रत्येक गोष्टीची सुरुवात त्यांनीच करायला लावली. शाळेतली पोरं बाकांवर तसे ठोके मारू लागली. लोकांनी फोनला लावले. कंकणाने इमानाने खाली लिहिलं, ‘ढेकी: ननीबाला पात्र.’ तिमिरदांनी वाचलं आणि खो खो हसले.

"ननीबाला? भुताच्या गोष्टीखाली ननीबाला? लोकांना वाटेल स्वयंपाकाचा कार्यक्रम आहे."

"ती अट आहे, तिमिरदा."

"अट बांकुड्यात. हे कोलकाता आहे."

नाव पुसलं गेलं ते गेलंच.

पण खरी शिसारी पुढेच होती. एका एजन्सीचा माणूस आला. तुमचा खास आवाज आमच्याकडे नोंदवा म्हणाला. मग आमचं यंत्र जगातले सगळे व्हिडिओ हुंगत फिरेल, आणि जिथे हे ठोके ऐकू येतील तो व्हिडिओ एकतर बंद पडेल, नाहीतर त्याची कमाई तुमच्याकडे वळेल. नोंदवताना पडद्यावर एकच प्रश्न यायचा: हा आवाज पूर्णपणे आणि फक्त तुमचाच आहे का?

"दाब हो," तिमिरदा म्हणाले.

"आपला नाही आहे. आपल्याला वापरायला दिलाय."

"वापरून वापरून मोठा कोणी केला? बांकुड्यात पडला होता, कोंबड्या ऐकत होत्या. मी त्याला नाव मिळवून दिलं."

"नावच तर नाही दिलं आपण."

"तू ना, फार नाकाने कांदे सोलतेस, कंकणा."

तिचा हात हलेना, तेव्हा ते तिच्या खांद्यावरून वाकले आणि भज्याच्या तेलाने माखलेल्या बोटाने त्यांनी स्वतःच ‘हो’ दाबलं. त्यांचा श्वास तिच्या कानावर आला, वांग्याचा आणि हिंगाचा. माऊसवर तेलाचा डाग राहिला. कंकणाने तो कापसाने घासून घासून पुसला. तरी त्या दिवसापासून माऊस धरला की तिला हात धुवावासा वाटायचा.

यंत्र कामाला लागलं. कुण्या शाळेचं स्नेहसंमेलन पकडलं, कुणी नक्कल केली होती त्याला पकडलं. तिमिरदा रोज सकाळी मुडी खाता खाता पकडलेल्यांची नावं मोठ्याने वाचायचे. इतरांची नावं त्यांनी घेतली ती एवढ्याच कारणासाठी.

माघ लागला होता. दुपारी जिन्यात चपला काढल्याचा आवाज आला. कोणी काढत नाही तिथे चपला. दारात एक हाडकुळा म्हातारा उभा राहिला, डोक्याला माकडटोपी, गळ्यात मफलर, काखेत छत्री आणि हातात स्टीलचा डबा.

"‘पोडोभिटे’चं ऑफिस हेच का, मा?" त्याने लेकीला हाक मारावी तसं कंकणाला विचारलं. "मी निकुंजबिहारी पात्र. बांकुड्याहून आलो. मला माफी मागायची होती."

कंकणाच्या हातातलं काम तसंच राहिलं. तिमिरदा आतून आले, तशी म्हाताऱ्याने छत्री बाजूला ठेवून हात जोडले.

"बसा, बसा. माफी कसली?"

"माझ्याकडून आपला आवाज वापरला गेला, साहेब. ढेकीचा." म्हातारा खुर्चीच्या कडेवर बसला. "मी शाळेत भूगोल शिकवायचो. आता घरीच असतो. नातवाने मला एक लहानसं चॅनेल काढून दिलं. म्हणजे माझं नाही ते, बायकोचं. तिचं पिठे करणं, डाळीचे सांडगे घालणं, असलं काहीबाही. बघणारे आमचेच लोक, मुली, भाचरं. त्यात तिचं ढेकी कांडणं होतं. तर गेल्या आठवड्यात इंग्रजीत सूचना आली. डिक्शनरी घेऊन वाचली. आवाज आपल्या मालकीचा आहे म्हणून व्हिडिओ काढून टाकला, पुन्हा असं झालं तर चॅनेलच बंद होईल."

"हं," तिमिरदा म्हणाले.

"मी घाबरलो, साहेब. उभ्या जन्मात पोलीस दारात आलेला नाही. त्या परदेशी साइटवर ठेवला होता तोही मीच काढून टाकला, म्हटलं आणखी गुन्हा नको. आणि मग बसून विचार केला. चूक माझीच आहे. मीच लिहिलं होतं, कोणीही न्यावी. आपण नेली. दिलेली वस्तू आपली कशी राहील? गाय दान केली आणि सकाळी तांब्या घेऊन तिच्याच गोठ्यात शिरलो, असं झालं माझं."

कंकणाने तोंड उघडलं, पण म्हातारा थांबला नव्हता.

"गाय परत मागत नाही मी. तेवढा व्हिडिओ ठेवायची परवानगी द्याल का, एवढंच विचारायला आलो. ज्या यंत्रावर भरलं होतं ते जावयाचं. त्याने त्यावर फुटबॉलची मॅच भरली. माझ्याकडे आता काहीच उरलेलं नाही."

"मग पुन्हा भरा की! बायकोला सांगा, कांड म्हणावं आणखी एकदा."

"ती आषाढात गेली, साहेब."

कंकणा तिमिरदांच्या चेहऱ्याकडे बघत होती. माणूस कितीही निर्ढावलेला असला तरी इथे त्याची मान खाली जाईल, अशी तिला खात्री होती. तिमिरदांची मान खाली गेली खरी, पण ती डब्याकडे. त्यांनी झाकण उघडलं. आत खजुरीच्या नव्या गुळातले मोए, म्हणजे मुडीचे लाडू, होते, घरी वळलेले, एकसारखे नसलेले. एक उचलून त्यांनी अख्खा तोंडात टाकला.

"मास्टरमशाय," ते भरल्या तोंडाने म्हणाले, "चूक माणसाकडूनच होते."

कंकणाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मी काही राक्षस नाही. तुमचा व्हिडिओ मी परत सुरू करून देतो. तुम्ही फक्त खाली लिहा, ढेकीचा आवाज ‘पोडोभिटे’ यांच्या सौजन्याने. काय आहे, नियम तो नियम. आज तुम्हाला सोडलं तर उद्या सगळेच येतील."

"लिहीन, साहेब! अवश्य लिहीन." म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "एक अक्षर चुकणार नाही. फार उपकार झाले."

किळस म्हणतात ती काय असते, हे कंकणाला आजवर कळलंच नव्हतं. थुंकी, चुटचुट, आवंढे हे सगळं त्यापुढे गंगाजल होतं. ज्याचं चोरलं तो हात जोडून उभा, आणि चोरणारा त्याच्याच घरचा मोआ चघळत त्याला क्षमा करतोय! वर नाव लावायची अट घालतोय! गुळाचा चिकट आवाज हेडफोनशिवायही तिच्या कानात शिरत होता.

"तिमिरदा, एक मिनिट..."

"चहा सांग गं मास्टरमशायांना. आलं घालून."

म्हाताऱ्याने चहाला नको म्हटलं. मग थोडं अडखळत विचारलं, "एकदा ऐकायला मिळेल का, साहेब? इथे आहे तर. फार वेळ नाही घेणार."

"का नाही? कंकणा, लाव. मोठ्या स्पीकरवर लाव. कळू दे त्यांनाही, त्यांच्या लाकडाचं आम्ही काय सोनं केलंय."

कंकणा खुर्चीत बसली. साफ केलेले तीन ठोके समोरच होते. पण आणलेला प्रत्येक आवाज ती छाटण्याआधी जसाच्या तसा वेगळा ठेवायची. कधी तिमिरदा म्हणतील आणखी लांब हवा, म्हणून. तिने तो जुना, न छाटलेला उघडला आणि आवाज मोठा केला.

आधी कोणीतरी घसा खाकरला. मग निकुंजबिहारींचा आवाज, वर्गात हजेरी घेतात तसा: "ननीबालाची ढेकी. पौष महिना. आमचं परसदार."

खुर्चीतला म्हातारा दचकला. मग ढेकी सुरू झाली. धप्प, आणि लाकडाचं कण्हणं. धप्प. एक कोंबडी ओरडत गेली. बांगड्या वाजल्या. म्हाताऱ्याचा उजवा पाय चपलेविना फरशीवर हलकेच दाबला जात होता, उचलला जात होता. ढेकी थांबली. धाप ऐकू आली, आणि मग म्हातारीचा आवाज, अगदी जवळ, या खोलीत असल्यासारखा:

"झालं? माझं नाव सांगितलंत ना? नाहीतर फिराल गावभर सांगत, मीच कांडलं म्हणून."

आणि खट्, बटण बंद झालं.

म्हाताऱ्याने माकडटोपी काढून हातात धरली होती. पहिले बोलले ते तिमिरदा.

"अगं, हे कुठे दडवून ठेवलं होतंस इतके दिवस?" त्यांचे डोळे लकाकत होते. "ती धाप ऐकलीस? ‘झालं?’ काय म्हणते ती! अंगावर काटा आला बघ. हेच पाहिजे होतं मला. शेवटचं तेवढं कापून दे. दोन सूर खाली घे, थोडा घुमव, शनिवारी हडळीच्या तोंडी घालू. आणि यालाही नोंदवून टाक."

निकुंजबिहारी त्यांच्याकडे बघतच राहिले. "हडळ?" ते म्हणाले.

"मास्टरमशाय, अख्खा बंगाल ऐकेल त्यांना!"

कंकणा उठली. तिची तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण आवाज मात्र शांत निघाला. तिलाच त्याचं नवल वाटलं.

"मास्टरमशाय, तुम्ही गाय दान केली नव्हती. वापरायला दिली होती, नाव घ्यायच्या अटीवर. मालक तुम्हीच होतात, आजही आहात. आम्ही नाव घेतलं नाही. वर ती आमचीच आहे असं खोटं नोंदवलं, म्हणून तुम्हाला ती सूचना आली. गुन्हा तुमचा नाही, आमचा आहे. माफी तुम्ही मागायची नव्हती."

"कंकणा!" तिमिरदा ओरडले. तोंडातल्या मुडीचा एक दाणा उडून टेबलावर पडला.

म्हातारा सावकाश उठला. तो रागावला नाही. मुलाने उत्तर चुकवलं की मास्तर बघतात तसं त्याने तिमिरदांकडे थोडा वेळ पाहिलं. "तुम्हाला तिचं नाव ठाऊक होतं?" त्याने विचारलं. "पहिल्यापासून?"

तिमिरदांनी दुसरा मोआ नुकताच तोंडात घातला होता.

निकुंजबिहारींनी डबा स्वतःकडे ओढला, झाकण लावलं, तळव्याने दाबून घट्ट केलं आणि डबा काखेत घेतला. "तोंडात आहे तो असू द्या," ते म्हणाले. "तो फुकट. हे मी नेतो."

आणि ते जिन्याकडे निघाले. चपला घालताना त्यांना वेळ लागला. तिमिरदा घास गिळत दारापर्यंत धावले.

"अहो मास्टरमशाय, रागावताय काय! नाव पाहिजे ना? हडळीचं नावच ननीबाला ठेवतो! काय बोलता?"

ते जिन्यात वाकून ओरडत होते, तेवढ्या वेळात कंकणा एजन्सीच्या पानावर गेली. हक्क मागे घ्यायचा? हो. का? रिकाम्या चौकटीत तिने लिहिलं: ‘हा आवाज आमचा नाही. ढेकी: ननीबाला पात्र. ध्वनिमुद्रण: निकुंजबिहारी पात्र. पुरावा सोबत जोडला आहे.’ आणि डोकं-शेपटासकट तो आवाज जोडून पाठवून दिला. त्याची एक प्रत छोट्या पेनड्राइव्हवर घेतली. पडद्यावर हिरवी खूण उमटली. बांकुड्याचा व्हिडिओ पुन्हा सुरू झाला होता.

तिमिरदा परत आले तेव्हा ती पर्स खांद्याला लावत होती.

"काय केलंस हे?" पडदा वाचून त्यांचा चेहरा उतरला. "अगं, शनिवारच्या गोष्टीला काय लावू मी? ओळख होती ती आपली!"

"पाऊस ओता," कंकणा म्हणाली.

"कुठे निघालीस? आजचं साफ कोण करणार?"

तिने गळ्यातले हेडफोन काढले आणि त्यांच्या हातात दिले. "तुमची थुंकी आता तुम्हीच ऐका, तिमिरदा."

म्हातारा बस स्टॉपवर सापडला, डबा मांडीवर घेऊन बसलेला. कंकणा धापा टाकत पोचली आणि तिने पेनड्राइव्ह त्याच्या हातात ठेवला. व्हिडिओ सुरू झालाय हे सांगितलं. खाली काय लिहायचं तेही सांगितलं, आणि काय लिहायचं नाही तेही. निकुंजबिहारींनी ती एवढीशी वस्तू उलटसुलट करून पाहिली.

"सगळं आहे यात? शेवटचं ती बोलते ते? का साफ केलंत?"

"काही कापलेलं नाही. जसंच्या तसं आहे."

त्यांनी तो रुमालात बांधला, रुमाल आतल्या खिशात ठेवला आणि वरून दोनदा चाचपला. मग डबा उघडून तिच्यापुढे धरला. "घे, मा. यंदा सुनेने केलेत. तिच्या हातचे नाहीत, पण वाईट नाहीत."

कंकणाने एक मोआ घेतला. म्हाताऱ्यानेही घेतला. त्याला दात थोडेच होते, तेही एका बाजूला. तो खाऊ लागला तशी मुडी कुडकुडली, गूळ टाळूला चिकटला, चकचक आवाज होऊ लागला. कंकणा एरवी तिथून उठून गेली असती. ती बसून राहिली आणि स्वतःचा मोआ खाऊ लागली.

"तेव्हा मी तिला उत्तर दिलंच नव्हतं," निकुंजबिहारी मध्येच म्हणाले. "बॅटरी संपेल म्हणून घाईघाईत बटण दाबलं. तिला यंत्राची भीती, तिने ते कधी ऐकलंही नाही. शेवटपर्यंत चिडवायची. म्हणायची, तुम्ही काही माझं नाव सांगितलं नसणार."

बस आली. म्हातारा छत्री टेकत उठला. पायरीवर पाय ठेवण्याआधी त्याने आतल्या खिशावर हात ठेवला आणि मान खाली घालून, तिथे कोणी आहे अशा आवाजात म्हणाला, "सांगितलं होतं गं. सगळ्यात आधी तेच सांगितलं होतं."